आईचं निरांजन आणि पंधरा सेकंद

५ जून, रात्रीचा दीड

झोप उडालीये म्हणून लिहून ठेवतो. आठ दिवस कुंडीतली कळी मान वर करून बसली होती, आज सातला बघितलं तर टोक सैल पडलेलं. आईने लगेच जाहीर केलं, आज फुलणार, आणि शेजारीपाजारी फोन पण लावून झाले. आमच्याकडे ब्रह्मकमळ फुलणं म्हणजे कार्यक्रमच असतो, हळदकुंकू, मसाला दूध, सगळं. (खरं ब्रह्मकमळ हिमालयात असतं, आपलं हे मूळचं मेक्सिकोकडचं निवडुंग, हे मी गेल्या वर्षी सांगून बघितलं होतं. परत सांगणार नाही.)

माझ्या डोक्यात वेगळंच चाललेलं. मे महिन्यात नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या पायथ्याला गेलो होतो आकाशगंगेचा फोटो काढायला, पट्टा उगवतो आग्नेयेकडून आणि नाशिक तिथून पूर्वेला, म्हणजे नेमका हवा तोच कोपरा शहराच्या पिवळट उजेडात बुडालेला, डासांनी फोडून काढलं आणि कॅमेऱ्याच्या कार्डात नुसता गढूळ चहा. अंजनेरीला आता श्रावणातच जाईन, सेरोपेजिया अंजनेरिका शोधायला, २००६ साली नोंद झालेलं ते कंदिलासारखं फूल अजून एकदाही धड दिसलेलं नाही मला. तोवर घरच्या गच्चीवर काय जमतं ते बघू म्हटलं, एकाच फोटोत पुढे ब्रह्मकमळ आणि मागे वृश्चिक रास.

नाशिकच्या सिडकोतून, शहराच्या उजेडात, आकाशगंगा विसराच, पण वृश्चिकातली ठळक तारका ज्येष्ठा दिसते. या दिवसांत बाराच्या सुमारास बरोब्बर दक्षिणेला, साधारण अर्ध्या आभाळात, लालसर. ढगांचं काही खरं नव्हतं पण साडेअकराला मोकळं झालं.

आता गणित. माझी १८ एमएमची किट लेन्स, क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा), म्हणून १८ गुणिले दीड, २७; ढोबळ नियमाने ५०० भागिले २७, अठरा सेकंदांच्या पुढे शटर उघडं राहिलं की ताऱ्याची रेघ होते. मी पंधरावर ठेवलं, एफ ४, आयएसओ ४००. खरी गोची फोकसची. फूल हातभर अंतरावर, त्याच्यावर फोकस केला की ज्येष्ठाचा पसरट ठिपका होतो आणि ज्येष्ठावर केला की फुलाचा कापूस. मग सगळे करतात तेच, एक फ्रेम फुलाची, एक आकाशाची, नंतर जोडायच्या. मला हे जरा चीटिंगच वाटतं, पण असो. फुलावर मोबाईलचा टॉर्च, वर बटर पेपर चिकटवलेला.

पण फूल काही थांबत नाही ना! पहिली फ्रेम बघून दुसरी लावेपर्यंत बाहेरच्या दोन पाकळ्या मागे वळलेल्या, कडा जुळायला तयार नाहीत. वास तर असा की डोकं गरगरलं. आतला तो पांढरा तारा, स्त्रीकेसराचा, मी आज पहिल्यांदा इतक्या जवळून बघितला, बारीक बोटं पसरल्यासारखा, आणि भोवती पिवळट परागांचा झुबका नुसत्या श्वासानेही हलत होता.

तेवढ्यात वर आल्या काकू आणि आई, ताट घेऊन. मी नुकतंच शटर दाबलेलं. "आई थांब, पंधरा सेकंद!" "अरे फूल काय तुझ्यासाठी थांबलंय का," म्हणत तिने ओवाळायलाच घेतलं. मी चिडलो, काकूंसमोर जरा जास्तच चिडलो.

स्क्रीनवर बघितलं तर आई कुठेच नाही. ती हलत राहिली, अंधारात होती, कॅमेऱ्याने तिला धरलीच नाही. फक्त निरांजनाची ज्योत, फुलाभोवती सोनेरी तीन वेढे, एक जरा वाकडा. डाव्या पाकळ्या जळून पांढऱ्या झाल्यात, ज्येष्ठा लाल टिकलीएवढी गोल आणि धूसर. जोडायचं काही उरलंच नाही त्यात.

आईला दाखवला. चष्मा लावून बघितला तिने. "छान आहे रे, पण माझा हात कुठाय?"

सोसायटीच्या ग्रुपवर एव्हाना काकूंचा फ्लॅश मारून काढलेला फोटो पडलाय, पाकळीवर कुंकू, खाली माझी ट्रायपॉडची तंगडी, आणि त्याला अठ्ठावीस नमस्कार.