भोपळा घातलेलं मॅक अँड चीज, ते पण अर्ध्या चीजमध्ये

जून लागला की आमच्याकडे रोजचा एकच प्रश्न, आज करायचं काय. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, ताजी मासळी नाही, सुका बांगडा नि सोडे तरी किती खाणार माणूस, आणि पोरं शाळेतून भिजून येतात ती दारातूनच भूक भूक करत येतात. त्यांना भाकरी-भाजी नको असते, मॅगी हवी असते. मग मी मधला मार्ग काढलाय तो म्हणजे मॅक अँड चीज, चीजच्या दाट सॉसमधली मॅकरोनी. पण नेटवर असतं तसलं नाही हां, ते बघूनच छातीत जळजळतं. आधी लोणी वितळवा, मग त्यात मैदा परता, मग दूध, मग मूठमूठ चीज, वर परत क्रीम.

खरं सांगू का, ते लोणी-मैद्याचं प्रकरण गाळलं तरी काहीच बिघडत नाही. सॉस दाट व्हावा म्हणून मैदा घालतात ना, मग दाटपणा तर मॅकरोनीतच आहे की. आपण काय करतो, टोपभर पाण्यात मॅकरोनी उकळतो आणि ते सगळं पांढुरकं पाणी मोरीत ओततो, म्हणजे पिठूळपणा गटारात आणि मग वरून मैदा. त्यापेक्षा कमी पाण्यात शिजवायचं, इतकं कमी की शेवटी ओतायला काही उरताच कामा नये.

तर दीड वाटी मॅकरोनी (पाकिटामागे ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेली घ्या, नुसत्या मैद्याची लगेच गिचका होते), ती जाड बुडाच्या टोपात घालायची आणि वर बोटाचं एक पेर येईल इतकंच पाणी. मीठ नाही. का ते पुढे सांगते. गॅस मोठा ठेवून मध्येमध्ये ढवळत राहायचं, नाहीतर बुडाला चिकटते. पाणी आटत आलं आणि मॅकरोनी दाताला जराशी कडक लागतेय असं वाटलं की एक वाटी गरम दूध. दूध सुरुवातीलाच घालायचं नाही, तळाला लागतं आणि मग तो करपट वास कशानेच जात नाही.

आता भोपळा. तांबडा भोपळा आमच्याकडे पावसाळ्यात माळ्यावर असतोच असतो, घारगे करून करून कंटाळा येतो. पाव किलोभर फोडी साल काढून कुकरला दोन शिट्ट्या, फोडींच्या भांड्यात पाणी अजिबात घालू नका, त्याला स्वतःचंच पुष्कळ सुटतं. मग रवीने घोटायचा, मिक्सर काढायची गरज नाही, एवीतेवी पावसात लाईट असेलच असं नाही. हा घोटलेला भोपळा दुधाबरोबरच टोपात जातो आणि दोन मिनिटांत सगळं असं काही मिळून येतं की क्रीम घातलंय असं वाटावं. रंगही आयता चीजचाच येतो. अमेरिकेत 1937 पासून क्राफ्ट कंपनीचं जे डब्यातलं मॅक अँड चीज मिळतंय, त्यातले कृत्रिम पिवळे रंग काढून 2016 पासून ते हळद, पॅप्रिका (लाल मिरचीची पूड) आणि अनॅटो (शेंदरीच्या बियांचा रंग) घालायला लागले. आपला भोपळा ते काम फुकटात करतो आणि शिवाय पोटात भाजी जाते ती वेगळीच. मटार, फरसबी, गाजर काय असेल ते बारीक चिरून आधी पाण्यात टाकलं तरी चालतं, त्यात विशेष सांगण्यासारखं काही नाही.

चीज शेवटी, आणि गॅस बंद करून. हे महत्त्वाचं आहे. उकळत्या टोपात चीज टाकलं की त्यातली प्रथिनं आवळून गोळे होतात आणि तूप सुटून वर तरंगतं, विशेषतः चेडर असेल तर. चेडर काय आमच्या बाजारात मिळत नाही, कोणी गोव्याहून येणारं असेल तर सांगायचं. त्यामुळे मी सरळ चीजचे क्यूब वापरते, 25 ग्रॅमचा एक, असे तीन किसून. आपल्याकडचं हे प्रोसेस्ड चीज लोक नावं ठेवतात, पण या पदार्थाला तेच सोयीचं. त्यात चीज फुटू नये म्हणून खास क्षार घातलेले असतात, त्यामुळे ते गुळगुळीत वितळतं. मात्र त्यातच मीठ इतकं असतं की वेगळं घालायचं असेल तर आधी चाखून. नेटवरच्या रेसिपीत एवढ्याच मॅकरोनीला याच्या दुप्पट तरी चीज असतं. मी काही याला डाएट फूड म्हणणार नाही, चीज ते चीजच, पण अर्धं चीज आणि लोणी-मैदा शून्य, हा फरक काय कमी नाही.

आता कमी चीज म्हटलं की चव पातळ लागणार, तिथे खरी गंमत आहे. चिमूटभर मोहरी थोड्या पाण्यात फेसून घालायची, चीजची चव एकदम वर येते. परसातल्या वेलीवरची मिरी जाडसर कुटून. आणि जायफळ! युरोपात पांढऱ्या सॉसमध्ये जायफळ किसतात आणि आपण ते फक्त श्रीखंड नि पुरणासाठी जपून ठेवतो. इथे नारळी-पोफळीच्या बागांत जायफळाची झाडं उभी आहेत, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण सुगंधा, कोकण स्वाद अशा जाती काढल्यात, मग घाला की बिनधास्त. पण दोनदाच किसणीवर फिरवा, जास्त झालं तर कडवट लागतं.

वर कुरकुरीत काही हवं असेल तर बेकरीतला टोस्ट चुरून थोड्या तेलात परतून टाका, ओव्हन नको. मोठ्यांसाठी मी त्यात भाजलेला जवळाही घालते. चीजवर जवळा म्हणून नाक मुरडू नका, आधी खाऊन बघा.

सासूबाईंनी पहिल्यांदा ताटात बघितलं तेव्हा चमच्याने उलटंपालटं करून म्हणाल्या, "ह्ये शिरवाळे मोडले काय गो?" शिरवाळे म्हणजे नारळाच्या गोड रसात खायच्या तांदळाच्या शेवया, तो रस कुठाय म्हणून शोधत होत्या बहुतेक. पण वाडगा पुसून खाल्ला, वर सोलकढी मागितली. आंबट सोलकढी त्या चीजवर मस्तच लागते, हे मला आधी सुचलंच नव्हतं.

उरलं तर थंड झाल्यावर त्याचा दगड होतो, घाबरू नका. गरम करताना अर्धी वाटी दूध घालून मंद गॅसवर हलवत राहा, पूर्ववत सैल होतं. आणि लाईट जाऊन फ्रीज बंद असेल तर मात्र उरवूच नका, दुधाचं आहे, आमच्या दमट हवेत सकाळपर्यंत नासतं.