जमेच्या बाजूची थकबाकी

एका परस्पर विनिमय मंडळाच्या विशेष सभेपुढे दोन सभासदांना काढून टाकण्याचा ठराव होता, आणि ते दोघे थकबाकीदार असल्याचा दाखला कार्यकारिणीला माझ्याकडून हवा होता. छोट्या सहकारी संस्थांचे हिशेब तपासणे हा माझा व्यवसाय असल्याने काम किरकोळ वाटले. सभा दुपारी होती. खतावणी सकाळीच माझ्या हाती आली.

अशा मंडळात नोटा छापल्या जात नाहीत आणि कोणाला भांडवलही घालावे लागत नाही. एकाने दुसऱ्याचे काम केले, की करणाऱ्याच्या खात्यावर ठरलेली एकके जमा होतात आणि करून घेणाऱ्याच्या खात्यावर तेवढीच नावे पडतात. प्रत्येकाची सुरुवात शून्यापासून होते, ठरावीक मर्यादेपर्यंत उणे जाता येते आणि त्या उधारीवर व्याज लागत नाही. मायकेल लिंटन यांनी १९८३ मध्ये कॅनडातील कोमॉक्स खोऱ्यात अशी व्यवस्था उभी केली, ती मंदीने रोख पैसा आटलेला असताना. लोकांच्या हातांत कसब होते, गरजाही होत्या, दोहोंना जोडणारे चलन तेवढे नव्हते. स्वित्झर्लंडमध्ये महामंदीच्या काळात, १९३४ साली, १६ जणांनी सुरू केलेले ‘वीर’ (WIR) नावाचे मंडळ पुढे बँक झाले आणि आजही छोट्या उद्योगांना आपले स्वतंत्र चलन पुरवते. पैसा नाही म्हणून काम अडू नये, ही साधी आणि न्याय्य मागणी या सर्व प्रयत्नांच्या मुळाशी आहे, आणि तिच्यावर माझा मनापासून विश्वास आहे.

ज्या दोघांवर ठराव होता, त्यांतील एक बाई शिवणकाम करीत आणि दुसरे गृहस्थ वाद्यांची दुरुस्ती करीत. दोघांचीही खाती उणे मर्यादेला टेकलेली होती, एवढे मान्यच होते. परंतु मी शिवणकामाचे खाते शेवटच्या नोंदीपासून मागे वाचत गेलो, तेव्हा निराळेच चित्र दिसू लागले. आरंभी बाईंनी वह्यांची छपाई आणि कपाटाची दुरुस्ती करून घेतली होती. त्यानंतर त्यांनी दर महिन्याच्या सूचीत आपले काम नोंदवले होते, आणि ते कोणीही मागितले नव्हते. वाद्यांच्या दुरुस्तीचे तेच. देणे फेडायला दोघेही तयार होते, पण एककांत देणे फेडायचे म्हणजे काम करायचे, आणि काम तर कोणीतरी सांगावे लागते.

मग मी सर्व खात्यांच्या शिलका एका कागदावर उतरवल्या. परस्पर उधारीच्या हिशेबात जमा आणि नावे यांची बेरीज नेहमी शून्य येते, तशी ती आलीच. मात्र जमेच्या बाजूची बहुतेक सारी रक्कम एकाच खात्यात साचलेली होती. ते खाते एका मुद्रकाचे होते. मंडळातील सर्वांत भरवशाचे सभासद म्हणून त्यांचा उल्लेख मागील प्रत्येक अहवालात गौरवाने झाला होता, आणि तो अनाठायीही नव्हता: त्यांनी कोणालाही कधी नकार दिला नव्हता. परंतु बांध घालून अडवलेल्या पाण्यासारखी त्यांची शिल्लक वाढत गेली आणि खालची शेते कोरडी पडली.

सभेत मी दाखला न देता तो कागद वाचून दाखवला. कार्यकारिणीचे अध्यक्ष म्हणाले, "पण साहेब, ज्यांच्याकडे शिल्लक आहे त्यांचा काय दोष? त्यांनी तर मंडळाला दिलेच आहे." प्रश्न प्रामाणिक होता. व्याजाच्या पैशात वाढलेल्या आपल्या सर्वांना देणेकरी तेवढा चुकार दिसतो आणि शिल्लक हे सद्गुणाचे प्रमाणपत्र वाटते. मी अर्थशास्त्रज्ञ केन्स यांच्या १९४३ च्या योजनेचे उदाहरण दिले. आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी त्यांनी सुचवलेल्या समाशोधन संघात, म्हणजे देशादेशांतील देणीघेणी परस्पर वळती करणाऱ्या संस्थेत, ठरावीक हिश्श्यापलीकडे गेलेल्या शिलकेवर, ती देण्याची असो वा येण्याची, सारखाच आकार बसणार होता. कारण तोल सांभाळण्याची जबाबदारी दोन्ही बाजूंची आहे. युद्धोत्तर जागतिक चलनव्यवस्था ठरवणाऱ्या १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेत ही योजना मागे पडली, आणि समायोजनाचा भार कर्जदार देशांवरच राहिला. जे अन्याय्य म्हणून आपण मोठ्या व्यवस्थेपासून दूर होऊ पाहतो, तेच आपल्या छोट्या मंडळात पुन्हा करायचे का, एवढेच मी विचारले.

तेवढ्यात मुद्रक स्वतः उठले. "ताई, मला तुमचे काम नको होते असे नाही," ते शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे वळून म्हणाले, "पण मला लागतो कागद आणि शाई, आणि त्या दोन्ही गोष्टी मंडळात कोणाकडेच नाहीत. त्या रोखीने आणाव्या लागतात. एकके घेऊन मी करू तरी काय?"

माझ्या मते सभेतील सर्वांत मोलाचे वाक्य हेच होते. साठवण त्यांच्या स्वभावात नव्हती, मंडळाच्या रचनेत होती. ज्याचा कच्चा माल मंडळाबाहेरून येतो, त्याने सगळे काम एककांत घेतले तर तो अडकणारच. इटलीच्या सार्डिनिया बेटावर २००९ मध्ये स्थापन झालेल्या सार्डेक्स या अशाच विनिमय व्यवस्थेने याच कारणाने शिलकी सभासदांना योग्य पुरवठादार शोधून देणारी माणसे नेमली. केवळ खतावणी ठेवून भागत नाही. मागणी आणि कसब यांची गाठ घालून देणे हेही काम आहे, आणि बहुतेक स्वयंसेवी मंडळे तेथेच थकतात.

चर्चा लांबली, आवाजही चढले. अखेरीस हकालपट्टीचा ठराव मागे घेण्यात आला आणि शिलकेलाही वरची मर्यादा घालण्यात आली. ती ओलांडणाऱ्या सभासदाने नवे काम घेण्यापूर्वी आधी खर्च करावा असे ठरले. मुद्रकांनी छपाईचा काही भाग रोखीत घ्यावा, यालाही मान्यता मिळाली. जोडणीचे काम दोन सभासदांकडे सोपवले गेले आणि त्याचा मोबदला एककांतच द्यायचे ठरले. कागदाचा पुरवठादार मंडळात आणण्याचा प्रश्न मात्र त्या दिवशी सुटला नाही. त्याच्याशी बोलणी करण्यासाठी मुद्रकांनी आणि वाद्यदुरुस्ती करणाऱ्या सभासदाने मिळून नावे नोंदवली.