‘टॅक’ने माझे तीन रविवार खाल्ले

गिरगाव चौपाटीला वीकेंडचा बिगिनर सेलिंग कोर्स केला, त्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहितेय. फॉर्म, मेडिकल, पोहता येतं याचं सर्टिफिकेट हे सगळं आठवड्यात झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडकले ते थिअरीच्या परीक्षेत, तेही एका शब्दावर.

पहिल्याच दिवशी हातात झेरॉक्सची चार पानं ठेवली. ए टू झेड शब्द, चित्र एकही नाही. असं पाठ करून कोण होडी शिकतं? ‘शीट’ वाचून मला वाटलं शीडच असणार, आवाज तर तोच. सर ओरडले “शीट सोड!” आणि मी शिडालाच हात घातला. शीट म्हणजे दोरी हो, शीड आत ओढायची नाहीतर सैल सोडायची. शीड वर चढवतात ती दोरी वेगळी, ती हॅलयार्ड.

आता टॅक. वाऱ्याच्या थेट तोंडावर होडी जात नाही, दोन्ही बाजूंना साधारण 45 अंशांचा पट्टा मेलेलाच धरायचा, म्हणून नागमोडी जावं लागतं. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या बाजूला घेतली की ते टॅक करणं. इथवर कळलं होतं. पण शिडाच्या खालच्या पुढच्या कोपऱ्यालाही टॅकच म्हणतात! आणि वारा होडीच्या कुठल्या अंगाने येतोय त्यालाही टॅक, उजवीकडून आला तर स्टारबोर्ड टॅक, डावीकडून तर पोर्ट टॅक. झेरॉक्सवर यातला पहिला अर्थ तेवढा होता.

परीक्षेत चित्र आलं, दोन होड्या समोरासमोर, वाऱ्याचा बाण, वाट कोणी द्यायची? मी आपलं उजवीकडे वळणारी ती स्टारबोर्ड टॅक असं धरून लिहिलं. नापास. पुढच्या रविवारी परत तेच चित्र उलटं करून, परत नापास. का चुकलं ते कोणी सांगेना, “हँडआउट वाचा मॅडम” एवढंच. तिसऱ्या रविवारी परीक्षा घेणारेच आले नाहीत, आणि थिअरी पास झाल्याशिवाय एकटीला होडी मिळत नाही. मी पायऱ्यांवर तोंड पाडून बसले होते, तर होड्या लावणारे एक काका म्हणाले, “शीड कुठं गेलंय ते बघ गो, वारा त्याच्या उलट अंगाने.” बस्स! बूम (शिडाच्या खालचा आडवा दांडा) डावीकडे म्हणजे वारा उजवीकडून, म्हणजे स्टारबोर्ड टॅक. पोर्ट टॅकवाल्याने बाजूला व्हायचं. तीन रविवार मी होडीचं तोंड बघत होते.

हां, पोर्ट म्हणजे डावी, पण नाळेकडे तोंड करून. तिचा दिवा लाल, उजवीचा हिरवा. जाइब करताना, म्हणजे नाळेऐवजी होडीचं मागचं टोक वाऱ्यातून फिरवून वळताना, डोकं खाली घ्या, तिथे वारा मागून फिरतो आणि बूम सपकन येते, माझ्या कपाळाला विचारा. टिलर (सुकाणूचा दांडा) ढकलाल त्याच्या उलट होडी वळते, याची सवय व्हायला दोन दिवस जातात. आणि कोर्स शक्यतो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच सुरू करा, कारण मी पास झाले तेव्हा मेचा शेवटचा आठवडा होता, पावसाळ्यासाठी होड्या वर काढत होते. आता एकटीने होडी न्यायची ती थेट पावसाळा संपल्यावर.