रस नसणं आणि स्वार्थ नसणं

"मला रस नाही असं कोणी सांगितलं तुला?"

मैत्रिणीचा हा मेसेज सकाळपासून डोक्यातून जात नाहीये. आम्हा दोघांच्या वादात तिने मध्यस्थी करावी म्हणून मी लिहिलं होतं, 'तू डिसइंटरेस्टेड आहेस, म्हणून तुलाच विचारतेय.' मला म्हणायचं होतं, तुझा यात काही स्वार्थ नाही. तिने वाचलं, तुला काही पडलेलं नाही.

निःपक्ष तो डिसइंटरेस्टेड, ज्याला रस नाही तो अनइंटरेस्टेड. माझ्या डोक्यात हे पक्कं. तरी शब्दकोश उघडला, तर 17व्या शतकात हे दोन्ही शब्द नेमके उलट अर्थांनीही वापरलेले! म्हणजे तिने लावलेला अर्थ चुकीचा नव्हताच, उलट तोच जुना.

सगळा गुंता 'इंटरेस्ट'मध्ये आहे. रस म्हणजे इंटरेस्ट, हितसंबंध म्हणजे इंटरेस्ट, आणि बँकेतलं व्याजही इंटरेस्टच. मराठीत तिन्हींना वेगळे शब्द आहेत. साधं 'निःपक्ष' लिहिलं असतं तर तिला लागलं नसतं.

संध्याकाळी फोन केला. ती म्हणाली, "अगं, तुम्हा दोघांची काळजी वाटते, म्हणून तर वाईट वाटलं."

काळजी आहे, पण बाजू घेत नाही, अशा माणसाला तुम्ही काय म्हणता?