वॉशिंग्टनचा जॉर्डन

शनिवार, रात्री साडेअकरा

डॉक्टरांनी सोमवारी सांगितलं ते आज दादाच्या कानावर घातलं. उजव्या गुडघ्यातली कूर्चा झिजली आहे, चालणं-फिरणं चालेल, उड्या नकोत. दादा फोनवर क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "बास आता. चांगला खेळलास इतकी वर्षं. जॉर्डनसारखं करू नकोस."

जॉर्डनसारखं करू नकोस. आमच्या घरात या वाक्याचा एकच अर्थ आहे, आणि तो आज पहिल्यांदाच माझ्या जिव्हारी लागला.

तो अर्थ असा. जॉर्डन म्हणजे अमेरिकन बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन. १४ जून १९९८, सॉल्ट लेक सिटी, एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, फायनल्सचा सहावा सामना. शेवटची ५.२ सेकंदं उरलेली असताना युटाच्या ब्रायन रसेलच्या डोक्यावरून जॉर्डनने चेंडू टाकला, शिकागो बुल्स ८७, युटा ८६, सहावं विजेतेपद. चेंडू रिंगमधून गेल्यावरही त्याचा उजवा हात तसाच वर राहिला होता. पेपरात आलेला फोटो दादाने कापून कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने डिंकाने चिकटवला. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. शर्ट काढताना रोज तो हात दिसायचा. पुढच्या जानेवारीत जॉर्डनने निवृत्ती जाहीर केली तेव्हा दादा म्हणाला होता, "असं थांबावं माणसाने." आणि सप्टेंबर २००१ मध्ये वॉशिंग्टन विझार्ड्सकडून परत उतरणार असल्याची बातमी आली, तेव्हा दादा खरोखर चिडला. त्याने ते सामने कधी पाहिले नाहीत, अजूनही पाहत नाही. फोटोतला तो हात त्याच्यासाठी शेवटचा.

मीही कित्येक वर्षं असंच मानत आलो. बुल्सच्या लाल जर्सीतला जॉर्डन खरा, विझार्ड्सच्या निळ्या जर्सीतला कुणीतरी दुसरा. गेल्या दोन-तीन वर्षांत, माझे पाय जड व्हायला लागल्यावर, मी ते सामने शोधून पाहायला लागलो. आज फोन ठेवला आणि गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून पुन्हा एकदा २९ डिसेंबर २००१ चा सामना लावला.

त्याच्या दोन दिवस आधीचं ठाऊक असल्याशिवाय या सामन्याचं मोल कळत नाही. २७ डिसेंबरला इंडियानामध्ये जॉर्डनचे सहा गुण झाले होते. फक्त सहा. मार्च १९८६ पासून सलग ८६६ सामन्यांत तो दोन आकड्यांच्या खाली कधी आला नव्हता. विझार्ड्सचा तिथे सत्तावीस गुणांनी फडशा पडला होता. लोकांनी जे म्हणायचं ते म्हटलं असणार, दादाने तर आधीच म्हणून ठेवलं होतं. आणि अठ्ठेचाळीस तास उलटायच्या आत, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, दोन्ही गुडघे दुखरे असताना, या माणसाने शार्लट हॉर्नेट्सवर ५१ गुण केले. त्यातले ३४ पहिल्या अर्ध्यात. ३१ तारखेला नेट्सवर आणखी ४५.

पण आकड्यांसाठी मी तो सामना पाहत नाही. तो काय करतो ते पाहतो. तरुणपणी त्याच्याकडे हवा होती, तो वर जायचा आणि बाकीचे खाली यायचे. इथे ती हवा संपली आहे. इथे तो रिंगकडे पाठ करून पंधरा फुटांवर उभा राहतो, डिफेंडरला पाठीवर घेतो, आणि चेंडू हातात आल्यावर घाई करत नाही. डावा खांदा जरासा हलवतो, समोरच्याचं वजन त्या बाजूला गेलंय का ते पाठीनेच चाचपतो, आणि मग उलट्या पायावर वळून मागे झुकत चेंडू सोडतो. उडी किती? वीतभर असेल नसेल. पण तोवर समोरच्याची उडी मारून झालेली असते, तो खाली यायला लागलेला असतो. त्या पाव सेकंदात शॉट जातो. हे मी फ्रेम थांबवून थांबवून पाहिलंय. उंचीची जागा वेळेने घेतली आहे, आणि ती वेळ त्याला वीस वर्षं खेळल्याशिवाय मिळाली नसती. सॉल्ट लेकमधल्या शॉटपेक्षा मला हा शॉट जास्त आवडतो. हे दादाला अजून सांगितलेलं नाही.

त्यानंतर सहा दिवसांनी, ४ जानेवारीला, बुल्सविरुद्धच त्याने कारकिर्दीतले तीस हजार गुण पूर्ण केले. त्याच सामन्यात अखेरीला बुल्सचा रॉन मर्सर ले-अपला, म्हणजे रिंगजवळ जाऊन चेंडू टाकायला, गेला, आणि जॉर्डनने मागून येऊन तो चेंडू दोन्ही हातांनी रिंगमागच्या बोर्डवर दाबून धरला. ब्लॉक म्हणून चापटी मारली नाही, पकडलाच. त्या रात्री त्या गुडघ्यांवर तो एवढा वर कसा गेला, मला माहीत नाही. माझ्या गुडघ्याची एमआरआय पाहिल्यापासून तर मुळीच समजत नाही.

त्याची किंमतही त्याने मोजली. फेब्रुवारीच्या अखेरीस उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. महिन्याभरात परत उतरला, २ एप्रिलला लेकर्सविरुद्ध दोन गुण केले, त्याच्या अख्ख्या कारकिर्दीतले सर्वांत कमी, आणि तो मोसम तिथेच संपला. इथे थांबला असता तर कुणी नावं ठेवली नसती. पुढच्या मोसमात तो सुरुवातीला काही सामने बाकावरून, म्हणजे राखीव म्हणून, उतरला, जॉर्डन, बाकावरून! आणि ८२ पैकी ८२ सामने खेळला. चाळीस पूर्ण झाल्यावर चौथ्या दिवशी, २१ फेब्रुवारी २००३ ला, ४३ गुण. चाळिशी ओलांडलेल्या कुणीही तोवर एनबीएत एका सामन्यात चाळीस केले नव्हते.

दादाचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी मान्य करतो. संघ म्हणून काही साधलं नाही. दोन्ही मोसमांत ३७ विजय, ४५ पराभव, प्लेऑफ, म्हणजे मोसमानंतरची बाद फेरी, नाहीच. तरुण सहकाऱ्यांशी तो फार कठोर वागला हेही खूप लिहिलं गेलंय. एकोणीस वर्षांच्या पोराकडून स्वतःच्या विसाव्या वर्षाची अपेक्षा करणं हा अन्यायच. याबद्दल मला त्याची बाजू घ्यायची नाही.

मला बोलायचंय ते सरासरीबद्दल. आज मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. शिकागो सोडताना त्याचे ९३० सामन्यांत २९,२७७ गुण होते. सरासरी साडेएकतीसच्या आसपास. वॉशिंग्टनमध्ये १४२ सामने, ३,०१५ गुण. एकूण सरासरी उतरून ३०.१२ झाली. जवळजवळ दीड गुण गेला. जगात कुणाकडेही नव्हतं असं काहीतरी त्याच्या नावावर शांत पडून होतं, आणि तो त्यातलं रोज थोडं थोडं काढून खर्च करत होता. रोज संध्याकाळी कोर्टवर उभं राहता यावं म्हणून. दादा याला गमावणं म्हणतो. मी आधी तेच म्हणायचो. आज त्या आकड्यांकडे पाहताना वाटलं, जमवलेलं आणखी कशासाठी असतं? पहिल्या वर्षाचा पगार तर त्याने ११ सप्टेंबरच्या हल्ल्यातल्या पीडितांसाठी देऊन टाकला होता. पैसा नको होता, विजेतेपद तिथे मिळणार नव्हतं, कपाटाच्या दारावरचा फोटो आधीच झालेला होता. मग उरतं काय? खेळणंच ना.

शेवटचा सामना १६ एप्रिल २००३, फिलाडेल्फिया. विझार्ड्स मोठ्या फरकाने मागे, जॉर्डन बाकावर, सामना संपल्यात जमा. आणि परक्या गावचे प्रेक्षक त्याच्या नावाचा घोष करायला लागले. तो उठला, कोर्टवर आला. थोड्या वेळाने फिलाडेल्फियाच्या एरिक स्नोने त्याला मुद्दाम फाउल केला, गुण अडवायला नाही, त्याला फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता टाकायचे चेंडू, मिळावेत म्हणून. घड्याळात १ मिनिट ४५ सेकंदं. दोन्ही फ्री थ्रो रिंगमधून गेले, पंधरा गुण झाले, आणि तो बाहेर आला. सगळं स्टेडियम उभं होतं, दोन्ही संघांचे खेळाडूसुद्धा.

त्या दोन फ्री थ्रोच्या वेळी कॅमेरा जवळ जातो. उडी नाही, डिफेंडर नाही. चेंडू जमिनीवर आपटतो, हातात फिरवतो, गुडघे वाकवतो. मी त्या वाकण्याकडेच पाहत होतो. किती दुखत असेल ते आता मला बरोबर कळतं.

पिशवीतल्या बर्फाचं पाणी झालंय. शाळेमागच्या कोर्टवर उद्या सकाळी साडेसहाला पोरं जमतील, त्यांना निरोप पाठवलाय की मी येतोय. उड्या मारणार नाही. पंधरा फुटांवर पाठ करून उभं राहायचं आणि खांदा हलवून पाहायचा, समोरचा फसतो का. दुपारी दादाला फोन करेन. पूर्ण सामना पाहा असं नाही म्हणणार, पहिला अर्धा तरी पाहा म्हणेन, ते ३४ गुण.