थंडीत ऑटोमॅटिक गाडी झटका मारते? आधी ऑइल बघा

या हिवाळ्यात आमच्या गाडीने मला जे काही घाबरवलंय ते एकदा नीट लिहून ठेवते, कारण ज्याला विचारावं तो पहिलं हेच म्हणायचा की मुंबईत कुठे आलीय थंडी. येते हो. बोरिवली पूर्वेला नॅशनल पार्कच्या बाजूला राहणाऱ्यांना विचारा, जानेवारीत सकाळी सव्वासहाला पार्किंगमध्ये उतरलं की स्वेटर लागतो आणि काचेवर दव असतं. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला पारा ७.४ पर्यंत उतरलेला, हेही मुंबईतच झालेलं आहे.

गाडी २०१२ची, सेकंडहॅन्ड, चार गिअरची जुन्या पद्धतीची टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) ऑटोमॅटिक. माझ्या डाव्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालंय, ट्रॅफिकमध्ये क्लच दाबणं आता शक्य नाही, म्हणजे ही गाडी बंद पडली तर सातच्या ड्युटीला अंधेरीला लॅबमध्ये पोचायचं कसं इथपासून माझी सुरुवात.

तर व्हायचं काय, सकाळी स्टार्ट केली की आरपीएमचा काटा (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा) तेराशे-चौदाशेवर, ते ठीकच आहे, थंड इंजिन तसंच चालतं. पण आर मध्ये, म्हणजे रिव्हर्सला टाकलं की काहीच नाही, एक सेकंद, दोन सेकंद, आणि मग धाड. अख्खी गाडी हलायची, आरशाला लटकवलेला गणपती सुद्धा. मग डी मध्ये, म्हणजे पुढे जायला टाकून गेटच्या बाहेर पडलं की दुसऱ्यातून तिसरा गिअर पडताना नुसती रेस वाढायची, काटा तीन हजारावर, गाडी उचलतच नाही, आणि मग मागून कोणीतरी ठोकल्यासारखा झटका. हायवेला लागून कांदिवली, मालाड करत गोरेगावच्या आरे फ्लायओव्हरपर्यंत आलं की सगळं गायब, गाडी लोण्यासारखी. संध्याकाळी घरी येताना तर काहीच नाही.

यामुळेच सर्व्हिस सेंटरवाल्यांना ते दिसायचं नाही. मी अकरा वाजता गाडी घेऊन जाणार, ती चांगली तापलेली, ते एक राउंड मारणार आणि सांगणार की मॅडम थंडीत असं होतंच. ऑइल बदलायचं का विचारलं तर म्हणाले गिअरबॉक्सचं ऑइल लाइफटाइम असतं, त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या एका ठिकाणी थेट ओव्हरहॉल, म्हणजे अख्खा गिअरबॉक्स खोलून दुरुस्ती, खर्च ८५ हजारांपासून पुढे. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल बघायची पट्टी, काढून बघितली मात्र दोघांपैकी एकानेही नाही, याचा मला आजही राग येतो.

खरी भीती वाटली ती नाशिकला. बहिणीकडे गेले होते, निफाडच्या बाजूला पारा पाच-सहावर येतो तसले दिवस होते, सकाळी सातला आर टाकला आणि गाडी हललीच नाही. पाच-सहा सेकंद तशीच. बहीण बाहेर उभी, ती म्हणाली ताई बंद पडली का गं. मग एकदम धाडकन गिअर पडला. कसारा घाट उतरेपर्यंत माझं लक्ष रस्त्यापेक्षा काट्याकडे जास्त होतं.

घरी आल्यावर रात्री गाडीखाली कुरियरचा रिकामा खोका उघडून पसरला. सकाळी त्यावर दोन थेंब, डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला. इंजिन ऑइल असेल म्हणून बोटावर घेतलं तर ते पातळ आणि तांबूस तपकिरी, आणि वास करपलेल्या फोडणीसारखा. लॅबची सवय आहे त्यामुळे टिश्यूवर पसरवून बघितलं, मधे काळपट डाग आणि कडेला फिकट गुलाबी रेघ. चांगलं असतं तेव्हा हे ऑइल लालभडक असतं. म्हणजे गिअरबॉक्सचंच.

कुर्ल्याला एक वयस्क मिस्त्री फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच खोलतात असं कळलं, तिकडे नेली. त्यांनी आधी गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी स्वतः स्टार्ट केली, मला तिथेच अर्धा विश्वास बसला. म्हणाले, "गिअरबॉक्स बाद में खोलेंगे, पहले तेल देखो." मग गाडी वीस मिनिटं फिरवून आणली, सपाट जागेवर उभी केली, इंजिन चालू ठेवून लिव्हर सगळ्या गिअरमधून एकेकदा फिरवला आणि डिपस्टिक काढली. लेव्हल हॉटच्या, म्हणजे तापलेल्या ऑइलसाठीच्या, खालच्या खुणेच्याही खाली.

त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. ऑटोमॅटिकमध्ये ऑइल नुसतं वंगण नसतं, क्लच दाबायचं काम तेच करतं. पंप प्रेशर बनवतो आणि ते प्रेशर व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइल कुठे जायचं ते ठरवणारा भाग) बारीक बारीक वाटांमधून जाऊन आतले क्लच दाबतं. थंड ऑइल घट्ट, त्याला त्या वाटा भरायला वेळ लागतो, आणि त्यात लेव्हल कमी असली तर पंप ऑइलसोबत हवा ओढतो, प्रेशर वेळेवर तयार होत नाही. जुनी रबरी सीलंही थंडीत कडक असतात. गाडी तापली की ऑइल पातळ होतं, फुगतं, लेव्हल वर येते, सील नरम पडतात, आणि तक्रार गायब. म्हणजे बिघाड दिवसभर असतोच, सकाळी तो फक्त दिसतो. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर दोन महिने मी जीव मुठीत धरून गाडी चालवली नसती.

गळती डाव्या एक्सलच्या ऑइल सीलमधून होती. ते बदललं. मग खालचं पॅन उघडलं आणि आतलं मॅग्नेट त्यांनी पांढऱ्या फडक्यावर पुसून मला दाखवलं, राखाडी काजळीसारखा मऊ लेप. म्हणाले हे चालतं, इतक्या वर्षांत क्लच एवढे झिजणारच, पण त्यात चकचकीत तुकडे असते तर मग ओव्हरहॉलचं बोलावं लागलं असतं. मी तो लेप दोन बोटांत चोळून बघितला, खरखर लागली नाही आणि एवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

एका वेळी सगळं ऑइल निघत नाही, बरंच टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून पंधरा-पंधरा दिवसांनी तीनदा ड्रेन करून, मॅन्युअलमध्ये दिलेल्याच ग्रेडचं नवीन भरलं. मशीनने फ्लश करायला, म्हणजे सगळं जुनं ऑइल एकदम ढकलून काढायला ते नाही म्हणाले, इतक्या जुन्या बॉक्सला त्यांचा अनुभव चांगला नाही, आणि मला ते पटलं. सील, ऑइल, मजुरी धरून साडेनऊ हजार.

पहिल्या ड्रेननंतरच धाड बंद झाली. रेस वाढायची ती दुसऱ्यानंतर. अजूनही सकाळी पहिली पाच मिनिटं गाडी दुसरा गिअर जरा जास्त धरून ठेवते, पण ते नॉर्मल आहे, इंजिन लवकर तापावं म्हणून कंप्युटर मुद्दाम उशिरा गिअर बदलतो. नुसती पी मध्ये, म्हणजे पार्किंगला दहा मिनिटं घरघरत ठेवूनही फार उपयोग नाही, इंजिन तापतं, गिअरबॉक्स चालवल्यावरच तापतो. मी काटा खाली यायची वाट बघते, मिनिटभर, ब्रेक दाबून आर टाकते, आणि हायवेपर्यंत हळू पायाने जाते.

हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाड्यांचं आहे, एएमटीमध्ये (मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त गिअर आपोआप बदलणारा) साधाच क्लच असतो आणि तो दाबायला मशीन असतं, तिथे झटक्याची कारणं वेगळी. आणि तुमच्या गाडीला डिपस्टिकच नसेल, बऱ्याच नव्या गाड्यांना नसते, तर लेव्हल बघायला खालून प्लग असतो आणि स्कॅनर लावून ऑइलचं टेंपरेचर बघत तो उघडावा लागतो. ते नीट करणाऱ्याकडेच जा, आणि गाडी आदल्या रात्री नेऊन ठेवा.