सोमवारचा जप

त्या गुरुवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास कर्करोग वॉर्डातून रक्तपेढीत फोन आला. सहा वर्षांची मुलगी, केमो चालू, प्लेटलेटचा काउंट 8,000 वर आलेला आणि हिरड्यांतून रक्त येतंय. निरोगी माणसाचा काउंट दीड ते साडेचार लाख असतो. तो 10,000 च्या खाली उतरला की कुठे लागलं-खुपलं नसतानाही आतल्या आत रक्तस्राव व्हायची भीती असते. तिच्या गटाची एसडीपीची, म्हणजे एकाच दात्याकडून काढलेल्या प्लेटलेटची, आमच्याकडे एकच बॅग शिल्लक होती. ती लगेच द्या आणि उद्यासाठी आणखी एक दाता बघून ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी रजिस्टर न उघडताच एक नंबर लावला. तो मला पाठ होता.

फोन एका बाईंनी उचलला. "मी त्याची मोठी बहीण," त्या म्हणाल्या. "तो काल रात्री गेला."

"कुठे गेला?" मी विचारलं.

पलीकडून काहीच आवाज येईना. तेव्हा मला कळलं.

रस्त्याच्या कडेने चालत घरी येत होता, मागून गाडीने उडवलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याचं नाव मी लिहिणार नाही. दात्याचं नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही हा आमचा नियम आहेच, पण तो नसता तरी त्याला स्वतःला ते आवडलं नसतं.

पंचविशीतला मुलगा. तीन वर्षांपूर्वी मित्राच्या वडिलांसाठी रक्त द्यायला आला होता. जाताना ऍफेरेसिसच्या मशीनपाशी थांबला आणि हे काय आहे म्हणून विचारू लागला. मी सांगितलं, हातातून रक्त घ्यायचं, मशीन ते जोरात फिरवून थर वेगळे करतं, प्लेटलेट तेवढ्या काढून घेतं आणि बाकीचं रक्त परत अंगात सोडतं. तास-दीड तास लागतो. "आणि परत कधी देता येतं?" 48 तासांनी चालतं, पण आठवड्यात दोनदापेक्षा जास्त नाही आणि वर्षात 24 वेळांच्या वर नाही. त्याने मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे साधारण पंधरवड्याला एकदा. मग सोमवार धरू या का, ताई?"

तीन वर्षं त्याने सोमवार धरला. सर्दी-तापाने एखाददुसरा चुकला असेल तेवढाच. एकदा तर खुर्चीत बसून, बाही वर करून झाली आणि मग म्हणाला, "ताई, परवा डोकं दुखत होतं म्हणून ॲस्पिरिन घेतली होती. चालेल ना?" चालत नाही. ॲस्पिरिनने प्लेटलेटची एकमेकींना चिकटायची ताकद जाते, तीन दिवस थांबावं लागतं. त्याने सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं. तो शांतपणे उठला, बाही खाली केली आणि गुरुवारी परत आला.

आमच्याकडचं मशीन एका सुईचं आहे. रक्त घेणं आणि परत देणं त्याच सुईतून आळीपाळीने चालतं. रक्त घेताना शीर भरलेली राहावी म्हणून दात्याच्या हातात रबरी चेंडू देतो, तो थोड्या थोड्या वेळाने दाबायचा. बहुतेक जण दुसऱ्या हातात मोबाइल धरून बसतात. हा डोळे मिटायचा. पहिल्या एक-दोन वेळा मला वाटलं, झोपलाय. पण चेंडू एकसारख्या लयीत दाबला जात होता आणि ओठ किंचित हलत होते. शेवटी मी विचारलंच. तो लाजला. "एकदा दाबला की एकदा देवाचं नाव घेतो. इथे हातात माळ धरता येत नाही ना, ताई."

"आणि मशीन रक्त परत सोडतं तेव्हा? तेव्हा तर चेंडू दाबायचा नसतो."

"तेव्हा हे ज्याला जाणार असेल त्याच्यासाठी मागतो."

कोणाला जाणार हे त्याने तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही.

एका सोमवारी शेजारच्या खुर्चीवर पहिल्यांदाच आलेली एक मुलगी होती. मध्येच ती पांढरीफटक पडली. ओठांना मुंग्या येताहेत, मला काहीतरी होतंय, असं म्हणत रडायला लागली. घाबरण्यासारखं त्यात नसतं. रक्त मशीनमध्ये गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात, ते थोडं अंगात जातं आणि रक्तातल्या कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून मुंग्या येतात. वेग कमी केला, कॅल्शियमची गोळी दिली की थांबतात. मी तिच्याकडे धावेपर्यंत हा डोळे उघडून म्हणाला, "माझ्याही ओठांना येतात, दर वेळी. ताईंना सांगायचं, त्या वेग कमी करतात." ती शांत झाली. मी मात्र त्याच्याकडे बघतच राहिले. दर वेळी येतात आणि मला एका शब्दाने बोलला नव्हता! त्या दिवशी मी त्याला चांगलंच रागावले. तो नुसता हसला. "आज उपयोगी पडलं ना, ताई."

फोनवर त्याच्या बहिणीने विचारलं, "तुम्ही कुठून बोलताय?"

रक्तपेढीतून, असं सांगितल्यावर त्या गोंधळल्या. घरात कोणालाच माहीत नव्हतं. सांगावं की नाही, असं क्षणभर माझ्या मनात आलं. पण ज्याच्या इच्छेसाठी गप्प राहायचं तो आता नव्हता आणि पलीकडे त्याची बहीण होती. मी सांगितलं. दर पंधरवड्याच्या सोमवारी येऊन प्लेटलेट द्यायचा, तीन वर्षं.

"सोमवारी?" त्या म्हणाल्या. "सोमवारी तर तो जपाला जायचा. आम्हाला तसंच सांगून निघायचा."

मला बोलता येईना. मग मी त्यांना चेंडूचं सांगितलं, दाबल्यावर घेतलेल्या नावाचं, मधल्या थांबण्याचं. "खोटं नव्हता बोलत तो," मी म्हणाले. "जपच करायचा."

त्या रडल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी एवढंच विचारलं, "दुखायचं का हो त्याला?"

सुई टोचताना थोडं, मी म्हटलं. आणि ओठांना मुंग्या यायच्या.

फोन ठेवल्यावर ॲजिटेटरचा आवाज कानांत शिरला. तो दिवसरात्र चालूच असतो, एरवी ऐकूही येत नाही. प्लेटलेट थंडीत ठेवता येत नाहीत, 20 ते 24 अंशांवर ठेवतात आणि एकमेकींना चिकटून बसू नयेत म्हणून सतत हलत्या ठेवाव्या लागतात. मिनिटाला साधारण 60 ते 70 हेलकावे. त्यातल्या ट्रेवर ती एकुलती एक बॅग पुढे-मागे होत होती. लेबलवर नाव नसतं. क्रमांक, रक्तगट, काढल्याची तारीख, मुदत. सोमवारी काढलेली, शनिवारपर्यंत चालणारी. क्रमांक मीच टाकला होता. बॅग त्याची होती.

मी ती उचलून थेट वॉर्डात पाठवू शकत नव्हते. दात्याबद्दल नंतर काही कळलं तर ते कळवावं लागतं. रक्त दिल्यावर त्याला ताप आला, कसला संसर्ग निघाला तर ती बॅग थांबवतात. मी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी सोमवारचा फॉर्म मागवला, तपासण्यांचे निकाल पाहिले, बहिणीशी स्वतः बोलून घेतलं. मीही तो फॉर्म पुन्हा पुन्हा वाचत होते. रक्तदाब नीट, नाडी नीट, नंतर चक्कर नाही. दोन दिवसांनंतरच्या अपघाताशी त्याचा संबंध नाही हे मला कळत होतं, तरी तो कागद हातातून सोडवत नव्हता. सर म्हणाले, "मृत्यू अपघाती आहे, आजार नव्हता. बॅग द्या."

बॅग देण्याआधी ती प्रकाशासमोर धरून हळूच हलवून बघायची असते. प्लेटलेट ठणठणीत असल्या तर त्यांचा चपटा आकार टिकून असतो आणि फिकट पिवळ्या द्रवात झळाळीच्या लहरी उठतात, धुकं फिरावं तशा. खराब झाल्या की त्या गोल होतात आणि लहरी जातात, द्रव नुसता गढूळ दिसतो. इतक्या वर्षांत मी हजारो बॅगा अशा पाहिल्या असतील. त्या दिवशी खिडकीशी जाऊन मी ती उजेडात धरली आणि मनगट हलवलं. लहरी उठल्या. थांबल्यासारख्या झाल्या की मी पुन्हा हलवायची, त्या पुन्हा उठायच्या. एकदा पाहिलं तरी पुरतं. मी किती वेळ उभी होते कोण जाणे, वॉर्डातला मामा दारात येऊन "ताई, तिकडे वाट बघताहेत" म्हणाला तेव्हा भानावर आले.

सही केली, बॅग त्याच्या हातात दिली. ॲजिटेटरचा रिकामा ट्रे तसाच पुढे-मागे होत राहिला.

उद्याची बॅग अजून मिळायची होती. मी रजिस्टर उघडलं आणि दुसरा नंबर शोधू लागले.